पण्यजीवी वैद्य आणि विश्रांती

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात, फलमात्रासिद्धीच्या अध्यायात, अग्निवेश आपल्या गुरूंना विचारतो की सदैव आजारी असणारे लोक कोणते. उत्तरात चार वर्ग येतात : श्रोत्रिय, राजसेवक, गणिका आणि पण्यजीवी, म्हणजे क्रयविक्रयावर उपजीविका करणारे. हा भाग आपल्यापैकी बहुतेकांनी विद्यार्थिदशेत परीक्षेपुरता वाचला असेल. आम्हीही तसाच वाचला होता. व्यापारी सदातुर का, याचे कारण आचार्यांनी मोठ्या नेमकेपणाने दिले आहे. त्याचे चित्त व्यवहारात अडकलेले असते, तो एकाच जागी बसून राहतो, वेग आले तरी उठत नाही आणि अवेळी जेवतो. हे विवेचन बस्तीच्या विचारात यावे हेही सयुक्तिकच आहे. अशा जीवनक्रमात पहिला बिघडतो तो वायू.

पदवी घेऊन गडमुडशिंगीत दवाखाना थाटला तेव्हापासून हा वर्ग आम्हांला रोज भेटत आला आहे. गावाला लागून गांधीनगर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वळिवड्याच्या छावणीत पोलंडचे निर्वासित राहिले, फाळणीनंतर तेथे सिंधी बांधव आले आणि पुढे तेथे कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ उभी राहिली. दुसऱ्या अंगाला हुपरीचे चांदीकाम, गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत आणि गावातच गोकुळ संघाचा पशुखाद्य कारखाना. पेढीवर दहा-बारा तास बसणारे, दिवाळीपूर्वी रात्र-रात्र चांदी घडवणारे, पाळ्या बदलणारे असे रुग्ण आले की आम्ही मोठ्या अधिकाराने सांगत असू, ‘वेळेवर जेवा, वेळेवर झोपा, वेगधारण करू नका.’ हा उपदेश विनामूल्य होता आणि तो देताना आम्ही स्वतः त्या चार वर्गांच्या बाहेर आहोत अशी आमची समजूत होती.

२०१८ साली आम्ही औषधनिर्मितीचा परवाना घेतला आणि ती समजूत संपली. अर्थात ते आमच्या ध्यानी यायला अडीच वर्षे लागली.

वैद्याने निर्माता व्हावे यात नवे काही नाही. पनवेलला १८७२ मध्ये धूतपापेश्वर, १८९९ मध्ये सांडू, केरळात १९०२ साली पी. एस. वारियर यांची कोट्टक्कलची आर्य वैद्य शाळा, या सर्वांच्या मुळाशी वैद्यकाचाच वारसा आहे. रुग्णाला घरी काढे उकळणे जमेना, तेव्हा सिद्ध औषध देण्याची गरज निर्माण झाली. नोंदणीकृत वैद्य स्वतःच्या रुग्णांपुरते औषध करून देत असेल तर त्याला निर्मितीचा परवाना लागत नाही. आम्हीही पंधरा वर्षे तेच करीत होतो. परंतु शेजारच्या गावांतील वैद्यबंधू आमची चूर्णे व अरिष्टे मागू लागले, आणि बाजारात विकायचे तर शेड्यूल टी आले. किमान १,२०० चौरस फुटांची आच्छादित जागा, कच्चा माल, निर्मिती, पॅकिंग यांची वेगळी दालने, प्रत्येक घाण्याच्या नोंदी, गुणवत्ता तपासणी. वडिलोपार्जित जागेत शेड उभी केली. बँकेचे कर्ज घेतले. दवाखाना सुरूच ठेवला. आमचा हिशेब असा होता की सकाळ रुग्णांची, दुपार कारखान्याची, संध्याकाळ पुन्हा रुग्णांची आणि रात्र कागदपत्रांची. या हिशेबात दिवसाचे सर्व प्रहर वाटून झाले होते. निद्रेचे नाव कुठेच नव्हते, हे लिहिताना दिसले नाही.

मग २०२० साल उजाडले. एप्रिलमध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, सुंठ, दालचिनी, मिरी यांच्या काढ्याची शिफारस केली आणि महिनाभरात गुळवेल या वनस्पतीचे नाव न ऐकलेला माणूस सापडेना. मागणी इतकी आली की फोन ठेवता येईना. औषध दुकानदार रात्री अकराला विचारीत, संशमनी वटी किती मिळेल. कोणत्याही नव्या व्यवसायाला असे वर्ष लाभणे म्हणजे भाग्य, असे सर्व जण म्हणत होते आणि आम्हांलाही ते पटत होते. पहाटे पाचला उठून रात्री एकला अंग टाकायचे. आठवड्याचे तास मोजले असते तर शंभराच्या वर गेले असते. आम्ही ते मोजले नाहीत.

मोजत होत्या आमच्या सौभाग्यवती. घरच्या दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब लिहायची रीत आपल्याकडे घरोघरी आहे. दीड लिटर, दोन लिटर असा आकडा रोजच्या चौकटीत लिहिलेला असतो. त्या आकड्याखाली त्यांनी बारीक अक्षरांत दुसरा आकडा लिहायला सुरुवात केली होती. ४. ३॥. ४. ५. ३. आम्ही तो कित्येक महिने दह्याच्या विरजणाचा वगैरे हिशेब समजत होतो.

त्या श्रावणातली गोष्ट. दशमूलारिष्टाचा मोठा घाणा लावला होता. क्वाथ उतरायला रात्रीचे अकरा वाजले. क्वाथ कोमट झाल्याशिवाय त्यात गूळ, मध, धायटीची फुले घालू नयेत, हे भैषज्यकल्पनेचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. उष्णतेने संधान घडवणारे किण्व मरते आणि उष्णतेशी मधाचा विरोध आहे तो वेगळाच. आम्ही पात्राला बाहेरून हात लावला, निवाला असे वाटले, कारण निवलेला असावा अशी इच्छा होती. सगळी द्रव्ये घातली, संधिबंधन केले आणि झोपलो. महिन्याने उघडून पाहिले तर संधान झालेच नव्हते. गोड, आंबूस, निर्जीव द्रव. आम्ही शाहूपुरीच्या गूळ व्यापाऱ्याशी भांडलो, गुळात रसायन आहे असा आरोप केला. तो बिचारा म्हणाला, ‘डॉक्टर, हाच गूळ तुम्ही चार वर्षं नेताय.’ नोंदवही उघडून पाहिली तेव्हा क्वाथ उतरल्याची वेळ आणि द्रव्ये घातल्याची वेळ यांत पाऊण तासाचे अंतर निघाले. एवढ्या मोठ्या पिंपातला क्वाथ पाऊण तासात कोमट होत नाही. त्या व्यापाऱ्याची आम्ही नंतर क्षमा मागितली. घाणा ओतून दिला.

येथेच आम्ही सावध व्हायला हवे होते. झालो नाही. नुकसान पैशाचे होते आणि पैसा त्या दिवसांत येत होता.

मार्गशीर्षात गावातील एक वृद्ध शेतकरी दवाखान्यात आले. बारा वर्षांचा मधुमेह. शहरातील डॉक्टरांच्या गोळ्या सुरू होत्या. पायांची आग होते म्हणून आमच्याकडे आले होते. बोलता बोलता त्यांनी सांगितले की अलीकडे दुपारी दोन-तीनदा दरदरून घाम सुटला, हातपाय थरथरले. हे वाक्य आमच्या कानांवर पडले, एवढे निश्चित आठवते. त्याच वेळी फोन वाजत होता, बाहेर वाहतूकवाला पेट्या घेऊन जायला उभा होता. आम्ही आमचे प्रमेहहर चूर्ण दिले, रात्रीचा भात बंद करायला सांगितले आणि पुढचा रुग्ण घेतला. चालू गोळ्या कोणत्या, मात्रा किती, शेवटची रक्तशर्करा किती, यांपैकी काहीही विचारले नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी ते उसाच्या बांधावर बसलेले सापडले, घामाने भिजलेले, नातवालाही न ओळखणारे. गिळण्याइतकी शुद्ध होती म्हणून पोराने साखरपाणी पाजले आणि रुग्णालयात नेले. तेथे शिरेतून ग्लुकोज दिले. ते वाचले. तेथील डॉक्टरांनी आम्हांला फोन करून सभ्यपणे विचारले, काय दिले होते? रक्तातील साखर आधीच खाली जात असताना तीत आणखी घट करणारे औषध दिले होते, आणि वर जेवणही कमी केले होते.

दर्शन, स्पर्शन, प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी तिसरी आम्ही केली नव्हती. अज्ञान हे कारण नव्हते. उत्तर समोर बोलले गेले होते, तरी आम्ही प्रश्न विचारला नाही. त्या रात्री घरी आल्यावर दिनदर्शिकेवरचे ते बारीक आकडे काय आहेत हे आम्ही पहिल्यांदा विचारले. त्या वृद्धांना चूर्ण दिले त्या तारखेखाली ३ लिहिले होते.

पुढचे काही दिवस आम्ही संहिता पुन्हा काढून बसलो. सूत्रस्थानाचा अकरावा अध्याय, तिस्रैषणीय. प्राणैषणा, धनैषणा आणि परलोकैषणा या तीन एषणा तेथे सांगितल्या आहेत हे सर्वांस ठाऊक आहे. धनाची निंदा आचार्य करीत नाहीत. साधनांवाचून लाभलेले दीर्घायुष्य हे त्यांच्या मते मोठेच दुर्दैव आहे, आणि शेती, पशुपालन, व्यापार, राजसेवा असे मार्गही ते सांगतात. परंतु क्रम स्पष्ट आहे. प्राण आधी, धन नंतर. आणि त्याच अध्यायात पुढे आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे तीन उपस्तंभ येतात. धन मिळवण्याची आज्ञा आणि झोपेची आज्ञा एकाच अध्यायात आहेत, हे आम्ही इतक्या वर्षांत कधी लक्षात घेतले नव्हते. आपण निद्रेचा विचार करतो तो निद्रानाशाचा रुग्ण समोर आला की. उद्योग उभारताना करीत नाही.

आणखी एक गोष्ट. अधारणीय वेग तेरा. त्यांत निद्रा आहे, हे आपण रुग्णाला सांगतो. श्रमश्वासही आहे, हे फारसे सांगत नाही. श्रमाने लागलेला श्वास दाबून काम रेटत राहिल्यास गुल्म, हृद्रोग, संमोह होतात, आणि त्यावरील चिकित्सा म्हणून वातघ्न उपक्रमांसोबत विश्रांती हाच शब्द येतो. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठवड्याला ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के अधिक आढळला. हृद्रोग हा शब्द तेथे आधीच होता, एवढेच येथे नमूद करतो.

विश्रांती म्हणजे दिवसा झोपणे नव्हे, ही शंका वैद्यवाचकांच्या मनात येईल म्हणून थोडे विषयांतर. दिवास्वाप ग्रीष्म सोडून वर्ज्य, तो स्निग्ध, कफपित्तकर. रात्रिजागरण रूक्ष, वातकर. परंतु काम, भार, प्रवास यांनी क्षीण झालेल्यांना सर्व ऋतूंत दिवसा झोपण्याची मुभा चरकांनी दिली आहे. रात्री जागरण घडलेच तर त्याच्या निम्मा वेळ सकाळी, अन्न घेण्यापूर्वी झोपावे, असे वाग्भट सांगतात. आणि बसल्या बसल्या घेतलेली डुलकी ना रूक्ष ना अभिष्यंदी. दुपारच्या ओपीडीनंतर खुर्चीतच मान टेकवणारे आमचे एक ज्येष्ठ गुरुजी होते. विद्यार्थी असताना आम्ही त्यांना हसत असू. ते शास्त्राला धरून होते.

आता प्रत्यक्ष काय बदलले ते सांगतो. सोमवारी कारखाना व दवाखाना दोन्ही बंद. आमच्याकडे औद्योगिक वसाहतीत सोमवार हाच सुट्टीचा वार, त्यामुळे वाहतूकदार व कामगार यांना ते सोयीचे झाले. सूर्यास्तानंतर कोणताही क्वाथ चढवायचा नाही. अरिष्टात द्रव्ये घालण्यापूर्वी तापमापक बुडवायचा आणि आकडा नोंदवहीत लिहायचा. हातावर विश्वास नाही. सर्वांत जड गेला तो निर्णय म्हणजे दुसऱ्या वैद्याची नेमणूक. निर्मितीवर देखरेख करणारी पात्र व्यक्ती कायद्याने लागतेच. ती आम्हीच होतो, म्हणून पगार वाचत होता. नवी पदवीधर वैद्या नेमली आणि तो पगार सुरू झाला. फोन दुपारी एक ते चार बंद. दवाखान्यात रुग्णसंख्या ठरवली. केसपेपरवर ‘इतर चालू औषधे’ असा रकाना छापून घेतला, आणि तो रिकामा असेल तर औषध द्यायचे नाही असे मदतनिसाला सांगून ठेवले.

याची किंमत पडली नाही असे लिहिणे खोटे ठरेल. एका वितरकाने आम्हांला सोडले. सोमवारी माल न देणारा पुरवठादार त्याला नको होता. दोन तिमाह्या उलाढाल घसरली, कर्जाचे दोन हप्ते सौभाग्यवतींच्या बचतीतून गेले. २०२२ मध्ये काढ्यांची लाट ओसरली, तेव्हा मात्र एक वेगळीच गोष्ट निदर्शनास आली. त्या लाटेच्या भरात ज्यांनी शेड वाढवल्या, गुळवेलीचा साठा केला, त्यांच्याकडे माल पडून राहिला. आम्ही दमून हात आखडता घेतला होता, म्हणून वाचलो. हे व्यवसायचातुर्य नव्हते, असे प्रामाणिकपणे सांगतो. परंतु दोन दिवस नीट झोपलेला माणूस मागणीचा आकडा आणि गरजेचा आकडा यांत फरक करू शकतो, एवढा अनुभव आम्हांला आला.

औषध दुकानदार बंधूंची अडचण आमच्याहून बिकट आहे, हे आम्ही जाणतो. सकाळी आठ ते रात्री दहा दुकान उघडे, रात्री घरचा दरवाजा वाजला तरी उठायचे. येथे एक विसंगती ध्यानात आणून देतो. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान वर्षातील सर्व दिवस उघडे ठेवता येते, मात्र कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी द्यावीच लागते. मालकाला कुणी ती देत नाही. आणि कामगाराची ती सुट्टीही आपोआप आलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केले, तेव्हाच्या मागण्या आज वाचल्या तर दिनचर्येच्या अध्यायासारख्या वाटतात : आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार वेळेवर. सहा वर्षांनी, १० जून १८९० रोजी, गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हा मुद्दाही त्या मागणीमागे होता. आमच्याकडे तो जोतिबाचा वार. लोखंडे १८९७ च्या प्लेगमध्ये गेले. त्यांना मालकांशी भांडावे लागले. मालकच जेव्हा स्वतःचा कामगार असतो, वैद्य, निर्माता, हिशेबनीस आणि हमाल एकाच अंगरख्यात असतात, तेव्हा निवेदन कोणाला द्यायचे?

खेड्यातील वैद्याने दवाखाना बंद ठेवणे माणुसकीला धरून आहे काय, असा प्रश्न आम्हांला एका ज्येष्ठ वैद्यबंधूंनी विचारला. प्रश्न रास्त आहे. सोमवारी दारात विंचू चावलेले मूल आले तर आम्ही दार उघडतो, पाहतो, गरज असेल तर पुढे पाठवतो. परंतु दोन वर्षांच्या जुनाट आम्लपित्ताला सोमवार आणि मंगळवार यांत फरक पडत नाही, हे रुग्णालाही समजते. त्याला समजणार नाही अशी भीती आमचीच होती.

भस्मनिर्मिती करणाऱ्यांना एक शब्द समजावून सांगावा लागत नाही : स्वांगशीत. पुट देऊन झाले की ते आपले आपण निवू द्यायचे. पाणी शिंपडायचे नाही, वारा घालायचा नाही, उत्सुकता वाटते म्हणून रात्रीच शराव उघडायचा नाही. निवण्याचा काळ हा पाकाचाच भाग आहे, निर्मितीच्या नोंदीत त्याची वेळ लिहावी लागते. नव्या वैद्येला आम्ही हे शिकवीत होतो तेव्हा तिने विचारले, ‘सर, मग नोंदीत सोमवारही लिहू का?’ तेव्हापासून आमच्या घाण्यांच्या वेळापत्रकात सोमवारचा रकाना आहे. त्यात काही नसते. परंतु तो छापलेला आहे, त्यामुळे त्यात काम घुसवायचे तर खोडावे लागते, आणि खोडाखोड तपासणीला दिसते.

ते वृद्ध शेतकरी अजून आमच्याकडे येतात. गोळ्यांची रिकामी पाकिटे पिशवीत घालून आणतात आणि आम्ही विचारण्याआधीच मेजावर मांडतात. दिनदर्शिकेवरचे आकडे सुरूच आहेत. गेल्या महिन्यात बहुतेक चौकटींत ७ होता, दोनदा ५. त्या दोन दिवसांबद्दल आमच्याकडे सबब आहे, परंतु ती ऐकून घेतली गेली नाही. परवाच्या सोमवारी इचलकरंजीच्या एका औषध दुकानदाराचा फोन आमच्या कन्येने उचलला. ‘बाबा झोपलेत. उद्या नऊला करा,’ म्हणाली. आम्ही आत जागेच होतो आणि उठावेसे वाटत होते. उठलो नाही. मंगळवारी नऊला त्यांचा फोन आला. मागणी तेवढीच होती, वर दशमूलारिष्टाच्या आणखी दोन पेट्या.